पंधरा तारखेचे कार्ड

लकडगंज, नागपूर
गुरुवार, ४ ऑगस्ट १९८३

चि. मधुसूदन यास अनेक आशीर्वाद.

तुमचे जाड पाकीट परवा पोचले. पोस्टमन खालूनच ओरडला, "बाई, फॉरेनचं हाये, सही लागते!" एवढे जड पाकीट पाहून मी आधी पाठवणाऱ्याचे नाव दोनदा वाचले. कोर्टाचे कागद असेच येतात. कात्रीने जपून उघडले, तर मेलबर्नचा नकाशा, रंगीत चित्रांची पुस्तिका, तारीख मोकळी सोडलेले विमानाचे तिकीट आणि हाताने लिहिलेली चार पानांची यादी. वर मथळा, 'आईंनी पाहायच्या आणि करायच्या गोष्टी'. अक्षर तुझे नाही. अक्षर चांगले आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत, पण मी काही म्हणत नाही.

इकडे सर्व ठीक. खालची आरा-मशीन आठ वाजता सुरू होते आणि लाकडाचा भुसा उडून माझ्या खिडकीत येतो, ते तू होतास तेव्हापासूनचेच. गुडघा कुरकुरतो. मीही कुरकुरते, मग त्याला कोणत्या तोंडाने बोलू?

नकाशा मी भिंतीवर लावला आहे, शाळेत भारताचा लावत असे तसा. लाल पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसते. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, पण ती पेन्सिल काही सुटत नाही. मुली मला माघारी 'वेलांटीबाई' म्हणत, हे मला चांगले ठाऊक होते.

आता शंका. यादीत पहिले नाव ट्रामचे. ट्राममध्ये बसणे हे 'पाहायच्या गोष्टीं'त कसे येते? आपल्याकडे पाहुणे आले तर आपण त्यांना सिटी बस दाखवायला नेतो का? शिवाय लिहिले आहे की ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि उतरून मोटारींसमोरून कडेला जायचे. माझा गुडघा मध्येच अडला तर मोटारी थांबतील ना? नक्की थांबतात की लिहिण्यापुरते?

मग राणीच्या नावाचा बाजार. तो आपल्या कॉटन मार्केटसारखाच असणार, चिखल वगळून. चित्रांच्या संग्रहालयाच्या दाराला म्हणे काचेची भिंत आहे आणि तिच्यावरून दिवसभर पाणी वाहते, मुले हात लावून पाहतात. तेवढे पाणी येते कुठून आणि जाते कुठे? डोंगरात एक वाफेची आगगाडी आहे, तिच्या खिडक्यांच्या कठड्यावर मुले पाय बाहेर सोडून बसतात, असा फोटोच आहे. माझ्या नातीला, शामलाला, तसे बसवू नका. निदान मी असताना तरी नको. कॅप्टन कुकचे घर पाहायला मात्र मला आवडेल. इंग्लंडातले घर दगड-विटा सुट्या करून, पेट्यांत भरून, बोटीने आणून तेथे उभे केले. तेही त्याचे नव्हे, त्याच्या आईबापांचे. आईबापांचे घर मुलाच्या मागे इतक्या लांब गेलेले मी प्रथमच ऐकले.

पेंग्विन पक्ष्यांचे पान मी पुनःपुन्हा वाचते. संध्याकाळी ते समुद्रातून थव्याने बाहेर येतात आणि वाळूवरून चालत आपापल्या बिळात जातात. पाहणाऱ्यांनी गप्प बसायचे, दिवा दाखवायचा नाही. प्रत्येकाला आपले बीळ बरोबर सापडते, असे लिहिले आहे. आणि एखाद्याचे बंद असले तर? पुस्तिकेत त्याबद्दल काही नाही. असो.

पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ते पिवळे स्टेशन आहे, दारावर घड्याळांची रांग असलेले. यादीत लिहिले आहे, 'इथे सगळे लोक एकमेकांना भेटायला घड्याळांखाली उभे राहतात.' हे चित्र मी आधी पाहिले आहे. तुझ्या त्या कार्डावर हेच होते.

ते कार्ड निघालेच आहे तर एक लिहिते. सहा वर्षांपूर्वी तू त्यावर 'येऊन राहिलो' असे नागपुरी लिहिलेस. तुला म्हणायचे होते 'येत आहोत', मी वाचले 'येऊन स्थिरावलो'. मी आपली अमरावतीला सुमतीमावशीकडे निघून गेले आणि तुम्ही तिघे माझ्या दाराला कुलूप पाहून परत गेलात. एका क्रियापदाने केवढा घोटाळा केला! तसा पुन्हा नको. तेव्हा विमान कोणत्या दिवशी, किती वाजता पोचते, तू कोठे उभा असशील, माणसे बाहेर येतात त्या दाराच्या डाव्या हाताला की उजव्या, हे सगळे स्पष्ट लिही. तू स्वतःच येणार ना? दुसऱ्या कोणाला पाठवू नको. मी ओळखणार नाही. आणि तू बदलला असलास तर तसेही लिही, म्हणजे जाड झाला असलास, केस गेले असले तर.

यादी करणारीला सांग, यादी चांगली आहे.

तुझी,
आई

ता. क. दाराच्या डाव्या हाताला की उजव्या, ते विसरू नको.

*

लकडगंज, नागपूर
बुधवार, १४ सप्टेंबर १९८३

चि. मधुसूदन यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. 'गुरुवार, दिनांक १० नोव्हेंबर १९८३ रोजी सकाळी मी स्वतः विमानतळावर उपस्थित राहीन. बाहेर येण्याच्या दारासमोर, उजव्या हातास, खांबापाशी उभा असेन.' आणि खाली, 'त्या कार्डातील चूक माझीच होती, त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटते.' मी ते तीनदा वाचले. एकही चूक सापडली नाही. तुझी सगळी पत्रे हल्ली अशीच येतात, सरकारी जाहिरातीसारखी. पूर्वी कॉलेजातून लिहायचास तेव्हा पानभर खाडाखोड असे आणि कोपऱ्यात माझे चित्र, हातात छडी. असो. शुद्ध लिहिलेस, छान केलेस.

लोकरीचा स्वेटर विणून झाला. सुमतीचा जावई मुंबईला विमानात बसवून देणार आहे. डॉक्टर म्हणाले रक्तदाब थोडा जास्त आहे, प्रवासाची काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्याने काळजी गेली असती तर डॉक्टरांची गरजच काय होती? यादीत लिहिले आहे की मेलबर्नला एका दिवसात चार ऋतू होतात. म्हणजे सकाळी निघताना स्वेटर, छत्री, सुती पातळ सगळे बरोबर घ्यायचे की कसे?

यादीच्या शेवटच्या पानावर होते, 'काही विचारायचं असेल तर माझ्या आईला विचारा, ती मागच्या वर्षी सगळं पाहून आली.' मी पाच आठवडे टाळले. कधी पाय दुखला, कधी रिक्षा मिळाली नाही. गेल्या रविवारी गेले. नंदनवनात त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे, नवे आणि लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, आणि मध्ये तुम्हा तिघांचा, मागे समुद्र. तो फोटो तुम्ही मला पाठवलेला नाही. तक्रार नाही, नोंद करते आहे.

तुळसाबाई मला पाहून उठून उभ्या राहिल्या. "या, इहीनबाई," म्हणाल्या. तुझ्या लग्नाला नऊ वर्षे झाली, मला विहीण म्हणून कोणी हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पितळी पेल्यात पाणी आणले. मला तहान नव्हती. चहा मात्र घेतला.

मग त्यांनी मेलबर्न सांगायला सुरुवात केली आणि मला तुझी पुस्तिका रद्दीत घालावीशी वाटली. त्यांच्याच शब्दांत लिहिते, सुधारून लिहिले तर मजा जाते.

"पयले तं मले भेवच वाटे वं त्या टरामचं. मंग शामलानं दोरी दाखवली. वर दोरी राह्यते, वढली का टन् वाजते, अन् गाडी उभी! मी तं उतरायचं नसून बी वढली. डायवर हासला. प्रेमिला म्हणे, 'माय, काहून वढून राहिली वं?' म्या म्हटलं, जिंदगीभर दुसऱ्याच्या घंटीवर उठली-बसली, आता एकडाव माही घंटी वाजू दे."

तीस वर्षे त्या इस्पितळात आया होत्या, हे मला ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

विमानतळावर त्यांची लोणच्याची बरणी काढून घेतली म्हणे. "तो गोरा झाकण उघडून वास घेऊन राहिला. असा शिंकला, असा शिंकला, का त्याची टोपी पडली. मंग म्हणे नो, नो. म्या म्हटलं ठेव बाबा, तुलेच जास्त गरज दिसते." मी हसले रे. पुष्कळ दिवसांनी असे हसले. पेंग्विनांचे सांगताना त्या उठून चालूनच दाखवू लागल्या. "समुद्रातून येऊन राहिले, येऊन राहिले, संपतच नाई. एवढे एवढे, पोट पुढं, हात मागं. म्या म्हटलं प्रेमिलाले, हे तं शाळेतल्या मास्तरायवानी दिसून राहिले!"

इतके 'राहिले' एका दमात ऐकून माझी बोटे शिवशिवू लागली. त्यांच्या ते ध्यानात आले असावे. थांबून त्यांनी विचारले, "माहं बोलणं समजते ना तुमाले?"

मी म्हटले, "समजतं की. लग्न होऊन पुण्याहून आले त्याला चाळीस वर्षं झाली. शब्द न् शब्द समजतो."

त्यानंतर थोडे इतर बोलणे झाले आणि मी उठले. असो.

शामलाला सांग, मी दोरी ओढीन, पण उतरायचे असेल तेव्हाच. सौ. प्रेमिलास आशीर्वाद. उजव्या हाताला, खांबापाशी, हे मी नकाशाशेजारी लिहून लावले आहे. खांब एकच आहे ना?

तुझी,
आई

*

लकडगंज, नागपूर
शनिवार, ८ ऑक्टोबर १९८३

चि. मधू,

'सर्व क्षेम' असे लिहिले होते, ते खोडले. या पत्रात खाडाखोड पुष्कळ सापडेल, राग मानू नको. आणि 'असो' हा शब्द मी यात लिहिणार नाही. माझी मागची दोन पत्रे काढून पाहा. जेथे जेथे 'असो' आहे तेथे मी काहीतरी गिळले आहे.

तुळसाबाईंकडचे 'इतर बोलणे' असे झाले. मी म्हणाले, शब्द न् शब्द समजतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, आमच्या शाळेतली हुशार मुलगी गणिताचे उत्तर फळ्याशी ताडून पाहते तसे. म्हणाल्या, "समजते म्हन्ता. मंग त्या बारीले काहून नाई समजलं?"

मी म्हटले, "बोलणं वेगळं, लिहिलेलं वेगळं." आयुष्यभर मुलींना भाषा शिकवली, आणि एवढेच उत्तर सुचले. पदर सावरून मी रिक्षेत बसले.

आता ऐक. तुझे कार्ड ५ डिसेंबर १९७७ला आले. दुपारची शाळा होती, मी जिन्यातच वाचले. 'आई, १५ तारखेला आम्ही तिघं येऊन राहिलो. मधू.' आणि मी हसले. जिन्यात एकटी उभी राहून मोठ्याने हसले. तू लहानपणी 'मी खेळून राहिलो' म्हणालास म्हणून मी पाटीवर पन्नास वेळा 'मी खेळत आहे' लिहायला लावले होते, ते तू साडेनऊ हजार किलोमीटरवरून मला परत केलेस, हे मला त्याच क्षणी कळले. तीन वर्षांचा अबोला तू एका चुकीने मोडायला निघाला होतास. मुद्दाम केलेल्या चुकीने. मला ते कळले, मधू. वाचल्याबरोबर कळले.

वर आले, लाल पेन्सिल घेतली आणि कार्ड तपासले. 'येऊन राहिलो' खोडून वर 'येत आहोत' लिहिले. '१५ तारखेला' याच्यापुढे 'कोणत्या महिन्याच्या?' असे लिहिले. खाली गुण दिले, दहापैकी सहा. तू आलास की तुझ्या हातात ठेवायचे, असे ठरवले होते.

पुढचे आठ दिवस मी फार आनंदात होते. नव्या सुती कापडाची दुपटी शिवली. पुरणाची डाळ निवडून ठेवली. नेहमीच्या भांडीवालीकडून पितळेचा तांब्या लख्ख करून घेतला. चौदा तारखेला सकाळी पाणी भरत होते. माठ भरला, त्यावर झाकण ठेवले, आणि मनात आले, उद्या ती या माठाला हात लावील.

एवढेच. दुसरे काही झाले नाही. कोणी काही बोलले नाही. तोपर्यंत मी तुझी बायको डोळ्यांसमोर आणली होती ती बैठकीच्या खोलीतच, बाळ मांडीवर घेतलेली. माठापाशी आणली नव्हती. मी झाकण ठेवले आणि मला पुढचे काही दिसेना. दुपारच्या गाडीने मी अमरावतीला गेले. सुमतीला सांगितले, लोक काय म्हणतील. तेही खोटे. खालच्या आरा-मशीनवाल्याला माझ्या माठाचे काय पडले आहे? लोक कोणी नव्हते. मीच होते. ज्या बाईने पंधरा ऑगस्टला मुलींपुढे समतेवर भाषणे केली, तीच.

वीस तारखेला परतले तर कुलपात चिठ्ठी होती. 'आई, आम्ही आलो होतो. मधू.' शुद्ध, एकही चूक नाही. शेजारणीने सांगितले, तीन तास जिन्यात बसून होतात. बाळ रडत होते.

मी तेव्हाच खरे लिहायला हवे होते. त्याऐवजी जानेवारीत तुला लिहिले, 'कार्ड पोचले, तुम्ही नव्या घरी येऊन राहिलात हे वाचून आनंद वाटला.' तारखेपुढे महिना नव्हता ना, म्हणून ते खपले. तुझी चूक धरून मी माझे लपवले. वाटले, तू भांडशील, म्हणशील, आई तू नागपुरात राहून इतकी भोट कशी? तू भांडला नाहीस. तू माफी मागितलीस. 'आई, चूक माझी. मी नीट लिहायला हवे होते.' आणि तेव्हापासून तू नीट लिहू लागलास. सहा वर्षे तुझे एकेक अचूक पत्र येते आहे आणि मी प्रत्येकात एखादी तरी चूक शोधते. सापडत नाही. मागच्या पत्रात तू पुन्हा लिहिलेस, 'मला अजूनही वाईट वाटते.' ते वाचून नकाशासमोर बसले आणि मेलबर्नमधली एकही जागा दिसेना. असे मनात बाळगून मी तेथे काय पाहणार? पेंग्विन पाहीन? तू शेजारी बसून मला शाल पांघरशील, आणि मी तुझी माफी खांद्यावर घेऊन बसू?

काल पुन्हा नंदनवनात गेले. दसरा आठवड्यावर आला, दीक्षाभूमीसाठी त्यांच्याकडे गावाकडची माणसे येऊ लागली आहेत, अंगणात चुली मांडल्या होत्या. तरी तुळसाबाई मला आत घेऊन बसल्या. मी आधी पाणी मागितले. एक पेला प्यायले, मग आणखी एक मागितला. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण यात सांगण्यासारखे काही नसायला हवे होते. मग त्यांना सगळे सांगितले. माठाचेसुद्धा.

त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मले माईत व्हतं."

मी विचारले, "कधीपासून?"

"तवापासूनच. तुमच्या जिन्यावरून हे तिघं इथं आले ना, प्रेमिला याच जागी बसली अन् म्हणे, 'माय, त्याइले समजलं हाये. नागपूरचं माणूस हाये, काहून नाई समजन?' म्या म्हटलं, मंग नवऱ्याले सांग. तं म्हणे, 'नाई सांगत. त्याले वाटते, त्याच्या लिवण्यातच चुकी झाली. वाटू दे. आपली चुकी माणूस सहन करते, मायची नाई करू शकत.'"

मी म्हटले, "मग आता तिनंच मला का बोलावलं?"

तुळसाबाई म्हणाल्या, "ते तिले इचारा. पोरगी आजी मांगते, एवढं मले माईत." आणि पुढे म्हणाल्या, "मले राग नाई आला असं नका समजू, इहीनबाई. माही नात त्या पायऱ्यावर रडली. पर तुमी आज सोता येऊन सांगितलं. मी त्या दिसाचा राग आता थोडा कमी करीन. समदा नाई."

मी म्हटले, योग्य आहे.

प्रेमिला, हे पत्र तू वाचशीलच, म्हणून तुलाही लिहिते. तुझी यादी मी भिंतीवर नकाशाच्या शेजारी लावली आहे. चार पाने, तेवीस गोष्टी, आणि प्रत्येकापुढे तू लिहिले आहेस की बसायला बाक आहे की नाही. माझ्या गुडघ्याचे तुला कोणी सांगितले? ज्या बाईने तुझ्यासाठी जिन्यातली पायरी ठेवली, तिच्यासाठी तू अख्ख्या मेलबर्नमधले बाक मोजलेस. ऱ्हस्वदीर्घाच्या त्या तीन चुकांबद्दल मी जे लिहिले, ते मागे घेते. तू मला क्षमा कर असे म्हणत नाही. मागण्याइतकी ओळख मी होऊ दिली नाही. पण माझ्या घरी ये. माठ त्याच जागी आहे. तू हात लावशील तेव्हा मी तेथे उभी असेन, अमरावतीला नाही.

मधू, ते कार्ड या पत्रासोबत पाठवते आहे. पुढच्या बाजूला ते पिवळे स्टेशन आणि घड्याळे, मागे तुझी ओळ आणि माझी लाल पेन्सिल. जानेवारीच्या पत्रातली शाई खोटे बोलली, ही पेन्सिल बोलत नाही. मला समजले होते याला याहून मोठा पुरावा नाही, आणि तो मी स्वतःच, हसत हसत, तयार करून ठेवला होता. गुण तेवढे बदलले आहेत. सहा खोडून दहा केले आहेत. चूक नव्हतीच. तुला जे म्हणायचे होते ते तू सर्वांत बरोबर भाषेत लिहिले होतेस.

आता दोघांनी मिळून ठरवा. पत्र दहा-बारा दिवसांत मिळेल. हे सगळे वाचून मी नको वाटले तर तार करा, 'येऊ नये' एवढे दोन शब्द पुरेत. मी तिकीट परत करीन आणि कोणालाही कारण सांगणार नाही. मी फार घाबरले आहे, मधू. विमानाला नाही, मोटारींना नाही, त्या खांबालाही नाही. पोस्टमनच्या आवाजाला. खाली सायकल थांबली की मी हातातले टाकून खिडकीशी जाते.

पण तार आली नाही तर मी निघेन. दहा तारखेला, नोव्हेंबरच्या, सकाळी दारातून बाहेर आले आणि उजव्या हाताच्या खांबापाशी तू दिसला नाहीस, तर मी रागावणार नाही आणि रडणारही नाही. तेथेच पेटीवर बसेन. तीन तास. तुम्ही बसलात तितकेच. त्यानंतर शहरात जाणाऱ्या बसमध्ये बसेन, मग ट्रामने त्या पिवळ्या स्टेशनापाशी येईन. दोरी कशी ओढायची ते मला आता ठाऊक आहे. घड्याळांखाली उभी राहीन. तेथे सगळे लोक एकमेकांना भेटायला उभे राहतात, असे यादीत लिहिले आहे, आणि त्या यादीवर माझा विश्वास आहे.

शामलाला सांग, दुपटी आता तिला पुरणार नाहीत. त्याच कापडाची मी तिच्या बाहुलीला रजई शिवली आहे. लाल पेन्सिल येथेच ठेवून येते.

मी येऊन राहिली.

तुझी आई